राजा रविवर्मा : पाहून शिकलेला चित्रकार

महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या माजघरात, चाळीतील लहानशा खोलीत आणि व्यापारी पेढीवर गादीच्या मागील भिंतीवर, कमळात उभी असलेली लक्ष्मी आणि हाती वीणा घेतलेली सरस्वती यांच्या तसबिरी पिढ्यान्‌पिढ्या लागत आल्या. या तसबिरींचे मूळ राजा रविवर्मा यांच्या कुंचल्यात आहे. लक्ष्मी-सरस्वती म्हटले की जे रूप आज डोळ्यांसमोर उभे राहते, ते बव्हंशी त्यांनीच घडविले. त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु ही दृष्टी त्यांना कोठून लाभली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न महत्त्वाचा अशासाठी की, रविवर्मा कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. त्यांच्या बालपणी मद्रास येथे १८५० साली आणि मुंबई येथे १८५७ साली कलाशाळा सुरू झाल्या होत्या; पण त्रावणकोर संस्थानातील एका लहान गावातल्या मुलाला त्यांचा काहीच उपयोग नव्हता. ज्या युरोपीय शैलीमुळे त्यांचे नाव झाले, त्या युरोपात ते आयुष्यात एकदाही गेले नाहीत. तैलरंगांचे तंत्र ज्यांना अवगत होते, त्यांनी ते शिकविण्याचे टाळले. गुरू नाही, शाळा नाही, परदेशगमन नाही. तरीही वयाच्या पंचविशीत या चित्रकाराने सुवर्णपदक मिळविले. याचे उत्तर त्यांच्या आयुष्याच्या पहिल्या वीस वर्षांत, त्या वयात त्यांनी जे पाहिले त्यात, दडलेले आहे.

मामांचे घर

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी किलिमानूर येथे झाला. हे गाव तिरुअनंतपुरमपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर आहे. किलिमानूरचे घराणे त्रावणकोरच्या राजघराण्याशी नात्याने बांधलेले होते. वडील नीलकंठन भट्टतिरिपाद हे संस्कृतचे विद्वान होते आणि आई उमांबा या स्वतः कवयित्री होत्या. पार्वतीच्या स्वयंवरावर त्यांनी रचलेले काव्य पुढे पुत्राने त्यांच्या पश्चात छापून प्रसिद्ध केले. धाकटे बंधू राजराजवर्मा आणि बहीण मंगलाबाई यांनीही हाती कुंचला धरला. एकाच घरात तीन भावंडे चित्रकार निघावीत, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

त्या काळी केरळातील अशा घराण्यांत मातृवंशीय पद्धती होती. मुले आईच्या घरी वाढत आणि कुटुंबाचा कर्ता पुरुष मामा असे. त्यामुळे रविवर्मांच्या जीवनात मामांचे स्थान पित्यासमान होते. मामांचेही नाव राजराजवर्माच होते. त्यांना चित्रकलेचा छंद होता आणि ते तंजावर शैलीत चित्रे काढीत. या शैलीत लाकडी फळीवर देवादिकांची चित्रे रेखाटतात, अलंकारांच्या जागी उठाव देऊन त्यावर सोन्याचा वर्ख लावतात आणि रंग सपाट व गडद ठेवतात. घरातल्या घरात एखादे चित्र कसे जन्माला येते, फळी कशी तयार होते, रंग कसे घोटतात, वर्ख कसा बसवितात, हे सारे या मुलाला लहानपणीच पाहावयास मिळाले. बहुतेक मुलांना चित्र दिसते ते पूर्ण झालेले; रविवर्मांना ते होताना दिसले.

त्यांच्या बालपणीची एक कथा सर्व चरित्रांतून आढळते. हा मुलगा घराच्या स्वच्छ भिंतींवर कोळशाने पशुपक्ष्यांच्या आणि माणसांच्या आकृती काढीत असे. घरातील सेवकांनी वैतागून मामांकडे तक्रार केली. मामांनी भिंत पाहिली. तिच्यावरील रेषांत त्यांना खोडी दिसली नाही, हात दिसला. त्यांनी शिक्षा करण्याऐवजी मुलाला जवळ बसवून रेखाटनाचे प्राथमिक धडे देण्यास आरंभ केला. दुसरी कथा अशी सांगतात की, मामा एक चित्र अपुरे ठेवून उठले असता मुलाने ते आपल्या हाताने पुढे नेले आणि परत आलेल्या मामांना राग येण्याऐवजी आनंद झाला. या कथांतील तपशील पिढीगणिक थोडा बदलला असेल. पण त्यांतील गाभा खरा आहे. ज्या क्षणी त्या मुलाचा हात धरून कोळसा काढून घेता आला असता, त्या क्षणी घरातील कर्त्या माणसाने तो काढून घेतला नाही.

या घरात आणखीही काही होते. किलिमानूरच्या वाड्यावर कथकलीचे प्रयोग होत. रात्री समईच्या उजेडात नल-दमयंती, कीचक-सैरंध्री यांची आख्याने रंगत. चेहऱ्यावरील भाव, डोळ्यांची हालचाल, हातांच्या मुद्रा आणि भरजरी वेष यांतून कथा उभी राहत असे. आईच्या तोंडून आणि वडिलांच्या पठणातून याच कथा शब्दरूपाने कानी पडत. म्हणजे पुराणकथा या मुलाने प्रथम ऐकल्या, नंतर रंगमंचावर पाहिल्या आणि मगच चितारल्या. पुढील काळात त्यांच्या चित्रांतील पात्रे रंगमंचावर उभी राहिल्यासारखी का दिसतात, याचे मूळ या बालपणात शोधावे लागते.

राजवाड्यातील दालने

मामांनी आपली मर्यादा ओळखली होती. आपल्याला येत होते तेवढे त्यांनी भाच्याला दिले आणि पुढे काय करावे याचा विचार केला. १८६२ साली, मुलगा चौदा वर्षांचा असताना, ते त्याला घेऊन तिरुअनंतपुरमला गेले आणि महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्यासमोर उभे केले. महाराज कलेचे जाणकार होते. मुलाची चित्रे पाहून ते प्रसन्न झाले आणि त्यांनी त्याला राजधानीतच राहून अभ्यास करण्याची अनुज्ञा दिली. किल्ल्याच्या परिसरातील एका वास्तूत त्याच्या निवासाची व्यवस्था झाली.

तिरुअनंतपुरमच्या वास्तव्यात रविवर्मांना सर्वांत मोठा लाभ कोणता झाला असेल, तर तो राजवाड्यातील चित्रसंग्रहाचा. तेथे दरबारी चित्रकारांनी काढलेली चित्रे होती, तशीच युरोपातून आलेली चित्रे आणि इटालियन चित्रकारांच्या कृतींची छापील पुस्तकेही होती. महाराजांनी ही दालने आणि पुस्तके त्यांच्यासाठी खुली केली. तंजावर शैलीच्या सपाट रंगांवर वाढलेल्या डोळ्यांना येथे प्रथमच निराळे जग दिसले. माणसाच्या अंगावर एका बाजूने पडलेला उजेड, दुसऱ्या बाजूची सावली, दूरची वस्तू लहान आणि धूसर, जवळची मोठी आणि स्पष्ट, वस्त्राच्या चुणीत साठलेला अंधार. हे सारे सपाट पृष्ठभागावर साधता येते, याचा साक्षात्कार त्या मुलाला या दालनांत झाला.

पण साधते हे दिसले तरी ते कसे साधावे, हे कोण सांगणार? उत्तर होते तैलरंगात. तंजावर शैलीतील रंग डिंकासारख्या द्रव्यात कालवलेले असत आणि ते पाहता पाहता वाळत. त्यामुळे एक छटा दुसरीत हळुवार मिसळणे अवघड जाई. तैलरंगात रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटतात. हा रंग सावकाश वाळतो आणि म्हणून गालावरील उजेडापासून मानेखालील सावलीपर्यंत छटेत छटा मिसळत नेता येते. चित्र ज्या कापडावर काढावयाचे, तेही युरोपात पुष्कळदा जवसाच्या धाग्यापासून विणलेले असे. कापड आणि तेल दोन्ही एकाच झाडाची, असा हा योग आहे. परंतु कापड ताणावे कसे, त्यावर लेप कोणता द्यावा, रंगात तेल किती, पहिला थर पातळ की जाड, हे केवळ चित्र पाहून समजत नाही. ते हातातून हातात जाणारे ज्ञान आहे.

उघडलेला दरवाजा

त्या वेळी त्रावणकोरच्या दरबारात मदुरेचे रामस्वामी नायडू हे चित्रकार होते आणि त्यांना तैलरंगांचे तंत्र येत होते. तरुण रविवर्मांना ते शिकवावे, ही अपेक्षा स्वाभाविक होती. पण नायडूंनी ती मानली नाही. या नकाराचा केवळ दोष देऊन भागत नाही. ज्यांची उपजीविका राजाश्रयावर आणि राजाश्रय तंत्राच्या दुर्मीळपणावर अवलंबून असे, त्यांनी आपले कसब जपून ठेवावे, ही त्या काळची रीतच होती. अनेक कारागिरांच्या घराण्यांत रंगाचे किंवा विणीचे रहस्य बाहेर जाऊ देत नसत. तरीही त्या मुलाच्या दृष्टीने पाहता तो एक बंद दरवाजा होता.

तो थोडासा उघडला एका अप्रसिद्ध माणसाने. नायडूंच्या हाताखाली काम करणारे आरुमुगम पिळ्ळै यांनी आपल्या गुरूच्या नकळत, रात्रीच्या वेळी येऊन रविवर्मांना तैलरंगांची प्राथमिक माहिती दिली, असे चरित्रकार सांगतात. भारतीय कलेच्या इतिहासात या पिळ्ळैंच्या नावावर दुसरे काही नोंदलेले आढळत नाही. पण त्यांनी ही जोखीम पत्करली नसती, तर पुढील इतिहास निराळा झाला असता.

१८६८ साली थिओडोर जेन्सन हे व्यक्तिचित्रे काढणारे युरोपीय चित्रकार महाराज व राणीसाहेब यांची चित्रे काढण्यासाठी तिरुअनंतपुरमला आले. रविवर्मांना या चित्रकाराकडून शिकता यावे, अशी इच्छा महाराजांनी व्यक्त केली. जेन्सन यांनी शिकविण्याची तयारी दाखविली नाही. मात्र आपण काम करीत असताना हा तरुण जवळ बसून पाहू शकेल, एवढी सवलत त्यांनी दिली.

एवढी सवलत पुरेशी ठरली. वीस वर्षांचे रविवर्मा त्या खोलीत बसून पाहत राहिले. कुंचला कसा धरतात, रंगफळीवर रंग कोणत्या क्रमाने मांडतात, कोणता रंग कशात मिसळतात, चेहऱ्याला हात घालण्यापूर्वी पार्श्वभूमी कशी तयार करतात, किती पावले मागे जाऊन चित्र न्याहाळतात, हे त्यांनी मनात साठवून घेतले. दिवसा पाहावे आणि आपल्या खोलीवर जाऊन ते हाताने करून पाहावे, चुकले की पुन्हा करावे. पुढे त्यांनीही महाराजांचे व राणीसाहेबांचे चित्र काढले आणि संतुष्ट झालेल्या महाराजांनी त्यांना वीरशृंखला देऊन गौरविले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जेन्सन यांच्या समोर त्या दिवसांत दुसरा एखादा तरुण बसला असता, तर त्याला कदाचित एक परदेशी माणूस कापडावर रंग लावताना दिसला असता, इतकेच. रविवर्मांना अधिक दिसले, कारण पाहण्याची सवय त्यांना किलिमानूरच्या घरात, मामांच्या शेजारी बसून लागलेली होती. राजवाड्यातील पुस्तकांनी त्यांच्या मनात प्रश्न निर्माण केले होते आणि पिळ्ळैंनी दिलेल्या माहितीमुळे त्या प्रश्नांची उत्तरे कोठे शोधावी, हे त्यांना ठाऊक झाले होते. जेन्सन यांच्या कामातून त्यांनी ती उत्तरे टिपून घेतली.

मूकांबिकेच्या दर्शनाला

दरम्यान १८६६ साली मावेलिक्करा येथील राजघराण्यातील भागीरथी यांच्याशी रविवर्मांचा विवाह झाला होता. त्यांच्यासारख्या घराण्यातील पुरुषाने मोबदला घेऊन चित्रे काढावीत, हे त्या समाजात रुळलेले नव्हते. चित्र काढणे हा छंद शोभून दिसे. व्यवसाय म्हणून ते कमीपणाचे मानले जाई. १८७० साली त्यांनी कोल्लूर येथील मूकांबिका देवीच्या क्षेत्री जाऊन ४१ दिवसांचे व्रत केले आणि त्यानंतर चित्रकला हेच आपले जीवितकार्य मानले. परतताना कालिकत येथे एका न्यायाधीशाच्या कुटुंबाचे चित्र काढण्याचे काम त्यांना मिळाले. मोबदला घेऊन केलेले त्यांचे हे पहिले काम मानतात.

यानंतर यशाला विलंब लागला नाही. १८७३ साली मद्रास येथील प्रदर्शनात केसांत जुईचा गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनातही त्यांच्या चित्राचा गौरव झाला. १८७६ साली त्यांनी दुष्यंताला पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेचे चित्र मद्रासच्या प्रदर्शनात ठेवले. ते गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतले आणि संस्कृत पंडित मोनियर विल्यम्स यांच्या शाकुंतलाच्या इंग्रजी अनुवादात ते अग्रस्थानी छापले गेले. बालपणी आई-वडिलांच्या सहवासात ऐकलेले संस्कृत साहित्य आणि राजवाड्यात पाहिलेली युरोपीय रीत यांचा संगम या एका चित्रात स्पष्ट दिसतो.

बडोदे आणि वस्त्रांचा शोध

१८८० साली आयिल्यम तिरुनाळ महाराजांचे निधन झाले आणि त्रावणकोरच्या दरबारातील वातावरण रविवर्मांना पूर्वीसारखे अनुकूल राहिले नाही. अशा वेळी त्यांच्या साहाय्याला आले राजा सर टी. माधवराव. तंजावरकडील मराठी घराण्यात जन्मलेले माधवराव पूर्वी त्रावणकोरचे दिवाण होते आणि नंतर बडोद्याचे दिवाण झाले. १८८१ साली सयाजीराव गायकवाड तिसरे यांना राज्याधिकार मिळाले, त्या सुमारास रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू राजराजवर्मा बडोद्याला गेले. महाराष्ट्राशी व मराठी समाजाशी त्यांचा जो दीर्घ संबंध जडला, त्याचा हा आरंभ होय.

पुढे सयाजीरावांनी बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण, महाभारत आणि पुराणांतील प्रसंगांवर चौदा चित्रे काढण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. या कामापुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. सीता, दमयंती, द्रौपदी, शकुंतला यांना नेसवावे काय? केरळातील वस्त्र उत्तरेला परके आणि उत्तरेतील घागरा दक्षिणेला परका. ज्या नायिका साऱ्या देशाच्या, त्यांना एकाच प्रांताचा वेष कसा द्यावा? दोघा बंधूंनी उत्तर भारताचा प्रवास केला, ठिकठिकाणचे वेष, अलंकार व नेसण्याच्या तऱ्हा न्याहाळल्या आणि पुष्कळ विचारांती बऱ्याच चित्रांत मराठी पद्धतीची साडी पसंत केली. नऊवारी साडीचा घोळ, तिचा काठ आणि पदर यांतून शरीराची डौलदार ठेवण व्यक्त होते, हे त्यांच्या चाणाक्ष नजरेने हेरले. म्हणून महाराष्ट्रातील प्रेक्षकाला रविवर्मांची दमयंती आपल्याच घरातील माहेरवाशिणीसारखी वाटते.

१८९० साली ही चित्रे पूर्ण झाली. नल-दमयंती, शंतनू-गंगा, विश्वामित्र-मेनका अशी ती चित्रमालिका राजवाड्यात लागण्यापूर्वी लोकांना पाहण्यासाठी ठेवली गेली आणि ती पाहण्यास मोठी गर्दी लोटली. याच सुमारास म्हैसूरच्या दरबारासाठी त्यांनी अकरा स्त्री-वादकांचे चित्र काढले. त्यातील स्त्रिया देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील आहेत आणि प्रत्येकीचे वस्त्र तिच्या प्रांताचे आहे. रेशमाची झळाळी वेगळी, सुताचा मऊपणा वेगळा, जरीचा काठ उजेडात कसा चमकतो आणि चुणीत कसा विझतो, हे ज्याला कापडाची पारख आहे त्याने या चित्रासमोर उभे राहून पाहावे. जर पाहण्याची ही दृष्टी मामांच्या सोनेरी वर्खातून आलेली आहे आणि तिच्यावरील छाया-प्रकाश राजवाड्यातील पुस्तकांतून व जेन्सन यांच्या खोलीतून आलेला आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

दालनांतून माजघरात

राजवाड्यात लागलेले चित्र राजवाड्यात जाऊ शकणाऱ्यांनाच दिसते. रविवर्मांना हे इतर कोणाहीपेक्षा चांगले ठाऊक होते, कारण महाराजांनी दालने खुली केली नसती तर ते स्वतः काय झाले असते, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. चित्रांच्या रंगीत प्रती छापून त्या सामान्य लोकांपर्यंत पोहोचवाव्यात, ही सूचना माधवरावांनी पूर्वीच केली होती. १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना उभा राहिला. गोवर्धनदास खटाऊ मखनजी हे व्यापारी त्यात भागीदार होते. यंत्रे व तंत्रज्ञ जर्मनीहून आणलेले होते. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड तयार करावा लागतो आणि एकाच कागदावर एकेक रंग अचूक जागी उठवावा लागतो. शकुंतलेच्या जन्माचे चित्र येथे प्रथम छापले गेले. पाठोपाठ लक्ष्मी, सरस्वती आणि अनेक देवदेवता कागदावर उतरल्या.

या छापील चित्रांनी जे घडविले ते अपूर्व होते. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता, ज्यांनी राजवाड्याची पायरी कधी पाहिली नव्हती, त्यांच्याही घरात चित्र गेले. काही घरांत गृहिणींनी या चित्रांतील देवीच्या साडीवर खरी जर, टिकल्या व कापडाचे तुकडे चिकटवून त्यांना नटविले. अशा जुन्या तसबिरी आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात.

व्यवहाराच्या दृष्टीने मात्र हा उद्योग रविवर्मांना लाभदायक ठरला नाही. भागीदारी टिकली नाही, मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९९ साली छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवावा लागला. कर्ज वाढत गेले. अखेर विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांनी तो आपल्याकडील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकला. उत्तम चित्रकार हा उत्तम हिशेबनीस असतोच असे नाही. तरीही या व्यवहाराचा ताळेबंद केवळ रुपये-आण्यांत मांडता येत नाही. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके यांनी उमेदीच्या काळात याच छापखान्यासाठी छपाईचे काम केले. १९१३ साली त्यांनी पुराणकथेला पडद्यावर आणले, तेव्हा त्या कथेतील माणसे कशी दिसावीत याची प्रेक्षकांच्या मनातील कल्पना रविवर्मांच्या चित्रांनी आधीच तयार केलेली होती.

आक्षेप आणि अखेर

रविवर्मांच्या हयातीतच त्यांच्या कलेवर आक्षेप घेतले जाऊ लागले आणि त्यांच्या पश्चात ते अधिक तीव्र झाले. हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या अभ्यासकांना त्यांची चित्रे युरोपचे अनुकरण वाटली. त्यांतील देवता नाटकी आणि अति मानवी भासल्या. अजिंठ्याची रेषा किंवा राजपूत लघुचित्रांचा भाव त्यांत नाही, असे म्हटले गेले. या आक्षेपांत तथ्य नाही असे नाही. परंतु बालपणी ज्याच्या डोळ्यांसमोर कथकलीचा रंगमंच होता आणि तारुण्यात युरोपीय चित्रांची पुस्तके होती, त्याच्या चित्रांत हेच उमटणार. जे लहानपणी पाहिले ते त्यांचे सामर्थ्य झाले आणि तीच त्यांची मर्यादाही झाली. माणूस जे पाहून वाढतो त्याच्या पलीकडे सहसा जात नाही; रविवर्मा त्यातील दोन दूरच्या गोष्टी एकत्र आणण्याइतके पुढे गेले, हे त्यांचे मोठेपण होय.

१८९३ साली शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांच्या चित्रांना पदके मिळाली. १९०४ साली ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. पण जानेवारी १९०५ मध्ये धाकटे बंधू राजराजवर्मा यांचा मृत्यू झाला आणि रविवर्मा मनाने खचले. या बंधूने स्वतःची चित्रकार म्हणून ओळख मागे ठेवून मोठ्या भावाचे प्रवास, पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळले होते. अनेक चित्रांच्या पार्श्वभूमीवर त्यांचाच हात फिरलेला होता. २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या ५९व्या वर्षी, रविवर्मांची प्राणज्योत मालवली. ज्या किलिमानूरच्या भिंतींवर त्यांनी कोळशाने पहिल्या रेषा ओढल्या, त्याच किलिमानूरला ते अखेरच्या काळात परतले होते.

पुढे १९७१ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले आणि १९७९ साली त्यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलासंपत्तीचा दर्जा दिला. रणजित देसाई यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या कादंबरीमुळे मराठी वाचकाला ते अधिकच जवळचे झाले.

या चरित्राचा विचार करताना मन पुन्हापुन्हा त्या पहिल्या वीस वर्षांकडे वळते. त्या वीस वर्षांत रविवर्मांना फार मोठे असे काही शिकविले गेले नाही. मामांनी कोळसा काढून न घेता भिंत पाहिली. महाराजांनी दालनांची कुलपे उघडली. पिळ्ळै रात्रीच्या अंधारात येऊन गेले. जेन्सन यांनी शिकविले नाही, पण खोलीबाहेरही घालविले नाही. या चौघांनी दिले ते थोडे थोडेच. मात्र प्रत्येकाने ते योग्य वेळी दिले. बाकीचे त्या मुलाने आपल्या डोळ्यांनी मिळविले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात, कर्ज सोसूनही, ते कागदावर छापून घरोघरी परत केले.

घरात एखादे मूल भिंतीवर रेघोट्या ओढू लागले की भिंत खराब झाली, हेच प्रथम ध्यानात येते आणि चुन्याचा हात पुन्हा देण्याची चिंता लागते. ती चिंता अगदीच चुकीची नाही. परंतु चुना लावण्यापूर्वी घरातील कर्त्या माणसाने क्षणभर थांबून भिंतीवर काय काढले आहे, ते पाहावे. किलिमानूरच्या मामांनी तेवढेच केले होते.